पुरात बंद पडलेली मोटार आणि किल्लीचा मोह

पुराच्या पाण्याने मोटारीचे इंजिन निकामी होते, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे ती खोटी नाही. परंतु ती अपुरी आहे, आणि या अपुरेपणाची किंमत दर पावसाळ्यात कित्येक गाडीमालकांना लाखांच्या घरात मोजावी लागते. पाण्यात शिरलेली गाडी दोन-चार गचके खाऊन बंद पडते, हे पाण्याचे काम खरे. परंतु त्या बंद पडलेल्या इंजिनाच्या आतला पोलादी दांडा वाकतो, दट्ट्या फुटतो, क्वचित खुद्द ब्लॉकला भगदाड पडते, हे पुष्कळ वेळा त्यानंतरच्या एक-दोन मिनिटांत घडते, आणि ते घडवून आणणारा हात चालकाचा असतो. गाडी बंद पडली की किल्ली फिरवावी, एकदा न जमले तर पुन्हा फिरवावी, तरीही दाद न दिली तर आजूबाजूच्या दोघा-तिघांना हाका मारून धक्का मारवावा, ही सवय आपल्या हाडीमासी इतकी खिळलेली आहे की गुडघाभर पाण्यात उभे असतानाही तिचा विसर पडत नाही. या लेखाचा रोख मुख्यत्वे त्या सवयीवर आहे. पाण्यात गाडी घालावी की नाही, घातल्यास कशी चालवावी, बाहेर काढल्यावर मिस्त्रीकडून काय करून घ्यावे आणि विमा कंपनीशी व्यवहार कसा ठेवावा, या गोष्टी तिच्याच अनुषंगाने येतील.

प्रथम आत काय घडते ते पाहू. पेट्रोलचे असो वा डिझेलचे, मोटारीच्या इंजिनातील प्रत्येक सिलिंडरात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खालीवर होत असतो. खाली येताना तो बाहेरची हवा आत ओढतो, वर जाताना तीच हवा दाबून तिचे आकारमान एक-दशांशावर किंवा त्याहूनही कमी करतो, मग इंधन पेटून तो खाली ढकलला जातो, आणि पुन्हा वर येताना जळका वायू बाहेर टाकतो. या चार क्रियांपैकी दुसरी क्रिया आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. हवा दाबली जाते. पाणी, व्यवहारापुरते बोलायचे तर, दाबले जात नाही. १२०० सीसीच्या चार सिलिंडरी पेट्रोल गाडीचे उदाहरण घेतले, तर एकेका सिलिंडराच्या वाट्याला ३०० घन सेंटिमीटर येतात, आणि दहास एक असे दाबाचे प्रमाण धरले तर दट्ट्या अगदी वर पोचला असता त्याच्या माथ्यावर उरणारी जागा असते अवघी ३३ घन सेंटिमीटर, म्हणजे स्वयंपाकघरातल्या दोन मोठ्या चमच्यांहून किंचित अधिक. तेवढ्याहून जास्त पाणी आत शिरले की दट्ट्याला वर जाण्यास वाव उरत नाही. पण खालचा क्रँकशाफ्ट तर गाडीच्या वेगाने किंवा सेल्फच्या जोराने फिरतच राहू पाहतो, आणि या दोहोंच्या मध्ये सापडतो तो कनेक्टिंग रॉड, म्हणजेच आरंभी उल्लेखिलेला पोलादी दांडा. डिझेल गाडीत दाबाचे प्रमाण सोळास एक किंवा त्याच्या आसपास असते, सबब १५०० सीसीच्या इंजिनातही ही जागा २५ घन सेंटिमीटरच भरते. डिझेलचे इंजिन दणकट, म्हणून त्याला पाण्याचे भय कमी, हा समज वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे. विम्याच्या कागदपत्रांत या प्रकाराला ‘हायड्रोस्टॅटिक लॉक’ असे भारदस्त नाव आहे. गॅरेजात नुसते ‘इंजिन लॉक झालं’ एवढेच म्हणतात.

यात वेग निर्णायक ठरतो. गाडी भरधाव पाण्यात घातली आणि इंजिनाने मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या गतीत पाणी ओढून घेतले, तर किल्लीचा प्रश्नच उरत नाही. दांडा त्याच क्षणी वाकतो आणि पुढचे सारे बिलाचे. परंतु शहरात तुंबलेल्या पाण्यात गाड्या बहुधा रांगतच असतात. अशा मंद गतीत हवेचा मार्ग पाण्याने अडला की इंजिनाचा श्वास कोंडतो आणि ते काही मोडण्यापूर्वीच बंद पडते. त्या वेळी सिलिंडरांत पाणी असेल किंवा नसेलही. पण हवेच्या नळीत आणि फिल्टरच्या डबीत ते येऊन थांबलेले असण्याचा संभव फार मोठा. आता सेल्फ मारला म्हणजे दट्ट्ये पुन्हा शोषू लागतात आणि दाराशी थांबलेले ते पाणी आत घेतात. आणि एका सिलिंडरात पाणी व शेजारच्या सिलिंडरात पेटलेले इंधन अशी गाठ पडली, तर सेल्फच्या छोट्या मोटारीला एकटीला जे साधले नसते ते त्या स्फोटाच्या जोराने साधून जाते. म्हणजे पहिल्यांदा बंद पडलेले इंजिन पुष्कळदा धडधाकट असते, आणि मालक त्याला चालू करण्याच्या आटापिट्यात ते मोडून ठेवतो.

पाणी आत शिरते ते सायलेन्सरमधून, ही आणखी एक सार्वत्रिक समजूत. तिच्यापोटी पुष्कळ लोक पाण्यात शिरताना ॲक्सिलरेटर जोराने दाबून इंजिनाचा कंठशोष करतात, जेणेकरून धुराच्या लोटाने पाणी मागल्या मागे रेटले जावे. इंजिन चालू असेतोवर बाहेर पडणारा वायू पाण्याला थोपवून धरतो, हे खरे. परंतु त्यासाठी मंद पण स्थिर गती पुरते. उलट जितका जोर जास्त तितके इंजिन पुढून अधिक हवा ओढते, आणि खरा धोका पुढूनच असतो. आपल्या गाडीचे हवेचे तोंड कोठे आहे, हे प्रत्येक मालकाने एखाद्या कोरड्या दिवशी स्वतः पाहून ठेवावे. बॉनेट उघडावे, एअर फिल्टरची काळी डबी शोधावी आणि तिच्यातून पुढे निघालेली जाड नळी हाताने चाचपत तिच्या टोकापर्यंत जावे. बहुतेक गाड्यांत ते टोक दर्शनी जाळीच्या मागे किंवा एखाद्या दिव्याच्या बाजूला निघते, काहींत ते अपेक्षेहून पुष्कळच खाली असते. जमिनीपासून त्याची उंची टेपने मोजावी, आणि त्या उंचीइतके पाणी चालेल असा अर्थ मात्र काढू नये. कारण चालती गाडी स्वतःपुढे पाण्याची लाट उभी करते, आणि समोरून एखादी एसटी किंवा मालट्रक गेला तर त्याची लाट बॉनेटवर येऊन आदळते. गाडी उंच आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्या मालकांची सर्वांत मोठी फसगत या लाटेनेच होते.

पाण्यात जावे की नाही, याचा निर्णय वास्तविक चाकावरून घ्यावयाचा असतो. स्थिर पाणी समोरच्या गाडीच्या चाकाच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे चाकाच्या मध्याच्या खालीच असेल, तर सामान्य मोटारीने सावकाश जाण्यास हरकत नाही. त्याहून वर असेल तर मागे फिरावे. वाहत्या पाण्याला हे माप लागू नाही. पंधरा सेंटिमीटर पाणी बहुतेक मोटारींच्या पोटाला लागते, तीस सेंटिमीटर पाण्यावर पुष्कळ गाड्या तरंगू लागतात, आणि साठ सेंटिमीटर वाहते पाणी मोठ्या एसयूव्हीसकट बहुतेक वाहनांना ओढून नेते. कोकणात आणि घाटाखाली ओढ्यांवर ज्या बुटक्या फरश्या आहेत, त्यांवरून गढूळ पाणी वाहत असताना खाली फरशी शाबूत आहे की नाही हेसुद्धा कळावयास मार्ग नसतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिश अमदानीतला दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्यांसह काही वाहने प्रवाशांनिशी वाहून गेली. तेथे इंजिनाचा विचार कोणी करावा? पुलाशी होमगार्ड किंवा पोलीस उभा असेल आणि त्याने हात आडवा केला असेल, तर आपण त्याच रस्त्याने वीस वर्षे जात आहो हा दाखला त्याला देऊ नये.

शहरातली ठिकाणे तर बहुतांशी ठरलेली असतात. मुंबईत हिंदमाता चौक, तसेच अंधेरी आणि मिलन हे भुयारी मार्ग, पुण्यात मुठेला पाणी सोडले की बुडणारा भिडे पूल, कोल्हापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडू लागली की शिरोलीकडील महामार्ग, ही नावे स्थानिक माणसाच्या तोंडपाठ असतात. भुयारी मार्ग सर्वांत फसवे. रस्ता मध्यभागी खोल होत जातो, पहिल्या वीस-पंचवीस पावलांत दिसलेल्या पाण्यावरून पुढल्याची कल्पना येत नाही, आणि मागे गाड्यांची रांग लागली की परतीची वाट बंद. समुद्रकाठच्या शहरात भरतीचे वेळापत्रक पाहून निघणे हाही शहाणपणाचा भाग आहे, कारण भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस झाला तर साचलेले पाणी ओहोटी लागेपर्यंत हटत नाही.

जाणे अपरिहार्यच असेल, तर पुढली गाडी पाण्याबाहेर पडेपर्यंत थांबावे, म्हणजे मध्येच अडकण्याचा प्रसंग येणार नाही. पहिला गिअर टाकावा, माणसाच्या चालीने, एकाच स्थिर गतीने जावे, मध्ये गिअर बदलू नये आणि क्लचवर पाय रेंगाळू देऊ नये. वातानुकूलन बंद ठेवावे, म्हणजे पुढचा पंखा पाण्यात फिरून पाणी उडवण्याचा संभव कमी होतो. हल्लीच्या अनेक गाड्यांत सिग्नलला थांबले असता इंजिन आपोआप बंद होऊन क्लच दाबताच पुन्हा सुरू होते. इंधन वाचवणारी ही सोय पाण्यात घातक आहे, तेव्हा तिचे बटण आधीच दाबून ती बंद करावी. बाहेर पडल्यावर थोडे अंतर हलकेच ब्रेक दाबत जावे, म्हणजे ते कोरडे होतात.

आणि गाडी मध्येच बंद पडली तर?

तर इग्निशन बंद करावे आणि हात मागे घ्यावा. इतके सोपे, आणि व्यवहारात इतके अवघड, दुसरे काम नाही. कारण मागून हॉर्न वाजत असतात, घरची मंडळी आत बसलेली असतात आणि पाणी दाराच्या फटीतून पायाशी येऊ लागलेले असते. पण प्रथम माणसे. पाणी वाढते आहे असे दिसले तर विजेच्या काचा चालतात तोवरच उघडाव्यात आणि सर्वांनी बाहेर पडावे. वाहते पाणी असेल तर काचेतून बाहेर पडून उंच जागा गाठावी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी मुंबईत काचा बंद करून गाडीत बसून राहिलेली काही माणसे गाडीतच दगावली. त्यानंतर पुष्कळांनी काच फोडण्याचा हातोडा गाडीत ठेवण्यास सुरुवात केली. मात्र तो डिकीत ठेवून काही उपयोग नाही. तो चालकाच्या हाताशी असावा, आणि त्याने कडेची काच कोपऱ्यात फोडावी, पुढची नव्हे, कारण पुढची काच दोन थरांत चिकटवलेली असल्यामुळे ती सहजी फुटून पडत नाही.

माणसे सुरक्षित झाल्यावर गाडीचा विचार. ती ढकलून पाण्याबाहेर काढावयाची असेल तर गिअर न्यूट्रलमध्ये आहे याची खातरजमा करून ढकलावी. गिअरात ठेवून धक्का मारणे म्हणजे सेल्फऐवजी चाकांकडून इंजिन फिरवून घेणे, आणि त्याचा परिणाम किल्लीइतकाच, किंबहुना अधिक वाईट होतो. टोचन करून नेण्यास साधी गिअरची गाडी न्यूट्रलमध्ये चालते. ऑटोमॅटिक गाडी दोरीने ओढू नये, तिच्यासाठी सपाट पाठीची क्रेन मागवावी. उघड्यावर उभी करून ठेवलेली गाडी रात्रीत बुडाली आणि सकाळी पाणी ओसरले, तरी तिचाही सेल्फ मारू नये. ती चालू नव्हती म्हणून तिच्यात पाणी गेले नसेल, हा तर्क चुकीचा आहे. बंद इंजिनातही काही सिलिंडरांच्या झडपा उघड्या राहिलेल्या असतात आणि पाण्याला सवडच सवड मिळालेली असते.

पूर ओसरल्यावरच्या आठवड्यात कोणत्याही गॅरेजात गेल्यास एकच संवाद कानी पडतो. “साहेब, बंद पडल्यावर सेल्फ मारला होता का?” असे मिस्त्री विचारतो, आणि साहेब किंचित घुटमळून म्हणतात, “दोन-तीनदाच.” मिस्त्री यावर काही बोलत नाही. प्रश्न विचारण्यामागे त्याचा हेतू दोष देण्याचा नसून कामाचा क्रम ठरवण्याचा असतो, तेव्हा त्याला खरे तेच सांगावे. चांगला मिस्त्री बॅटरीची ऋण तार सोडतो आणि प्रथम एअर फिल्टर उघडतो. कागद कोरडा आणि डबी स्वच्छ असेल तर निम्मा घोर मिटला. कागद भिजून फुगलेला असेल किंवा डबीच्या तळाशी गाळ असेल, तर पाणी पुढे गेले असे धरूनच चालावे. मग डिपस्टिक. ती पुसून पुन्हा बुडवून बाहेर काढली असता तेलाची पातळी वरच्या खुणेच्याही वर दिसली, किंवा तेल दूध घातलेल्या चहाच्या रंगाचे दिसले, तर पाणी तळाच्या चेंबरपर्यंत पोचलेले आहे. अशा तेलावर इंजिन एक मिनिटही चालवले तरी बेअरिंगे खरडली जातात.

यापुढचे काम हाताचे आणि संयमाचे आहे. पेट्रोल गाडीचे सर्व स्पार्क प्लग, आणि डिझेल गाडीचे ग्लो प्लग किंवा इंजेक्टर, बाहेर काढले जातात, म्हणजे सिलिंडरांना वर तोंड मिळते. मग क्रँकच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने, हळूहळू, पुरते दोन फेरे फिरवले जाते. पाणी असेल तर एखाद्या भोकातून गढूळ चिळकांडी उडून थेट बॉनेटला लागते, आणि ती दिसताच मिस्त्रीच्या चेहऱ्यावर समाधान उमटते, कारण पाणी बाहेर पडले याचा अर्थ त्याला वाट मिळाली. पाना मध्येच अडला तर त्याला जोर लावावयाचा नसतो. पाणी निघाल्यावर प्रत्येक सिलिंडरात थोडे तेल सोडतात, प्लग बाहेरच ठेवून सेल्फने इंजिन क्षणभर फिरवतात, जुने तेल आणि तेलाचा फिल्टर बदलतात, आणि मग प्रत्येक सिलिंडराचा दाब मोजतात. येथे गाडीमालकाने एक आग्रह धरावा: प्लगच्या भोकातून पातळ सळई घालून चारही दट्ट्ये आपापल्या माथ्यावर समान उंचीला येतात की नाही, हे पाहून घ्यावे. एखादा दट्ट्या एक-दोन मिलिमीटरही कमी वर आला, तर त्याचा दांडा वाकलेला आहे. अशी गाडी सुरू होते, चालते, मालकाला आनंद होतो, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, बहुधा घाटात किंवा द्रुतगती मार्गावर, तो वाकलेला दांडा तुटून ब्लॉक फोडून बाहेर येतो. सुरू झालेली गाडी सुटली असे समजून परस्पर घरी नेणाऱ्यांना माझे सांगणे आहे की थंड इंजिन सुरू केल्यावर एक ठराविक, टकटक असा आवाज येत असेल तर तो पावसाळी हवेचा नव्हे.

इंजिन बचावले तरी भिजलेल्या गाडीत तपासण्यासारखे पुष्कळ उरते. गिअरबॉक्समध्येही पाणी जाऊ शकते, आणि तेथील तेल एरवी वर्षानुवर्षे कोणी उघडून पाहत नाही. ब्रेक ऑइल ओलावा शोषून घेणारे असल्यामुळे ते बदलणेच इष्ट. इलेक्ट्रॉनिक्सचा प्रश्न सर्वांत चिवट असतो: एअरबॅगचे नियंत्रक आणि कित्येक जोडण्या सीटांच्या खाली किंवा मधल्या कन्सोलखाली असतात, त्या आज चालतात आणि दोन महिन्यांनी हिरव्या पडून बंद होतात, म्हणून सीटा काढून, कार्पेट उचलून, खालचा स्पंज वाळवणे अत्यावश्यक आहे, नुसते दरवाजे उघडे टाकून उन्हात ठेवल्याने वरचे कापड वाळते, खालचे नाही. चिपळूणला जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा त्याने आणलेला बारीक गाळ वस्तूंच्या सांध्यासांध्यांत बसला होता. असा गाळ असलेल्या गाडीला आधी गोड्या पाण्याने धुणे आणि मगच वाळवणे हा क्रम योग्य. समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालून भरतीत अडकवून घेणाऱ्या हौशी पर्यटकांच्या गाड्यांना तर खारे पाणी लागलेले असते, आणि त्यांचा गंज कोणाही मिस्त्रीच्या आटोक्यात येत नाही. त्यांच्याविषयी सहानुभूती बाळगणे मला नेहमीच जड गेले आहे.

विजेवर चालणाऱ्या गाडीला हवेचे तोंड नसल्यामुळे इंजिन लॉक होण्याचा प्रश्न उद्भवत नाही. पुष्कळ कंपन्या बॅटरीला आयपी६७ हा दर्जा असल्याचे सांगतात, म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ठेवूनही आत पाणी जाऊ नये अशी तिची चाचणी झालेली असते. पण पुराचे पाणी अर्ध्या तासात ओसरण्याचे बंधन पाळत नाही. अशा गाडीच्या नारिंगी रंगाच्या तारांना मालकाने किंवा अनभिज्ञ मिस्त्रीने हात लावू नये, आणि भिजलेली गाडी घराला लागून उभी करू नये.

आता विमा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर पुराच्या नुकसानीचा एक पैसाही मिळत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा असेल तर त्यात पूर, अतिवृष्टी, वादळ यांचा समावेश असतो. परंतु प्रमाणित पॉलिसीत झीज, यांत्रिक व विद्युत बिघाड आणि परिणामी नुकसान ही वगळलेली असतात, आणि वादाचे मूळ या शेवटच्या दोन शब्दांत आहे. गाडी पाण्यात बुडाली हे पुराचे नुकसान, पण बुडालेल्या गाडीचा सेल्फ मारल्यामुळे दांडा वाकला तर ते परिणामी नुकसान, असा युक्तिवाद कंपन्या करतात, आणि त्यावरून ग्राहक आयोगांपुढे तंटे जातात. यावरचा उपाय म्हणजे इंजिन संरक्षणाचे जादा कलम, जे थोड्या अधिक हप्त्यात मिळते. मात्र ते पॉलिसी घेताना किंवा तिच्या नूतनीकरणाच्या वेळीच घ्यावे लागते, आणि काही कंपन्या ठरावीक वयापुढील गाडीला ते देत नाहीत. ज्याचे घर किंवा कचेरी सखल भागात आहे त्याने संगीत यंत्रणेवर खर्च करण्याआधी हे कलम घ्यावे. रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरी यांच्या किमतीतून घसाऱ्यापोटी निम्मी रक्कम वजा होते, ही गोष्टही आधीच ध्यानात असलेली बरी. शून्य घसाऱ्याचे कलम वेगळे असते, आणि ते असले म्हणजे इंजिनही आले, असा समज करून घेणारे पुष्कळ आहेत.

गाडी हलवण्यापूर्वी तिचे फोटो काढावेत: पाण्याची पातळी, दारावरील चिखलाची रेघ, नंबरप्लेट, आणि शक्य तर आतला मीटर. कंपनीला त्याच दिवशी कळवावे आणि दाव्याचा क्रमांक लेखी घ्यावा. गावात महसूल खात्याने पंचनामे केले असतील तर तलाठ्याकडून त्याची नक्कल मागून ठेवावी. ती नेहमीच लागते असे नाही, पण लागली तर ऐनवेळी मिळत नाही. येथे एक पेच उभा राहतो, ज्याची चर्चा क्वचितच होते. मिस्त्री म्हणतो की सिलिंडरांत पाणी राहिले तर एक-दोन दिवसांत आत गंज धरेल, तेव्हा आजच प्लग काढू द्या. कंपनी म्हणते की सर्वेक्षकाने पाहिल्याशिवाय काही उघडू नका. आणि पुराच्या दिवसांत सर्वेक्षकाला शंभर ठिकाणी जावयाचे असल्यामुळे तो चौथ्या दिवशी उगवतो. अशा वेळी दोघांपैकी एकाचे ऐकून दुसऱ्याला दुखवण्यापेक्षा कंपनीला ईमेलने स्पष्ट कळवावे की गाडी अमुक गॅरेजात आहे, इंजिन सुरू केलेले नाही, गंज टाळण्यासाठी पाणी आणि तेल काढण्याची परवानगी द्यावी, अन्यथा विलंबामुळे होणाऱ्या जादा नुकसानीची जबाबदारी कंपनीची राहील. असे पत्र गेले की परवानगी बहुधा लवकर येते. मग जे काही उघडले जाईल त्याचे चित्रीकरण करावे, आणि काढलेले तेल व फिल्टर टाकून न देता सर्वेक्षक येईपर्यंत बाटलीत आणि पिशवीत राखून ठेवावेत.

दुरुस्तीचा एकूण अंदाज पॉलिसीत लिहिलेल्या मूल्याच्या, ज्याला आयडीव्ही म्हणतात, ७५ टक्क्यांहून अधिक झाला तर गाडी पूर्णतः नष्ट झाली असे धरून ती रक्कम देण्याची तरतूद आहे. हा आकडा जवळ आला असता गॅरेजाचा अंदाज कमी-अधिक होण्याची शक्यता असते, तेव्हा तो बाबवार मागून घ्यावा. दावा नाकारला गेला तर नाकारण्याचे कारण लेखी मागावे, प्रथम कंपनीच्याच तक्रार विभागाकडे अर्ज करावा, आणि तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे. लोकपालाची कार्यालये मुंबईत आणि पुण्यात आहेत, तेथे शुल्क नाही आणि वकिलाची गरज नाही. तारखांच्या क्रमाने लावलेले कागद आणि सरळ भाषेतला अर्ज एवढे पुरते.

ज्या गाड्या पूर्णतः नष्ट झाल्या असे ठरते त्या सर्वच भंगारात जातात असे नाही. कित्येक लिलावात विकल्या जातात, धुऊनपुसून, नवी कार्पेटे घालून, दोनशे-चारशे किलोमीटर दूरच्या शहरात जुन्या गाड्यांच्या बाजारात उभ्या राहतात, आणि पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत चकचकीत गाडी स्वस्तात मिळते आहे असे वाटले की ही शक्यता मनात आणावीच. अशी गाडी ओळखण्यास मिस्त्री लागत नाही. चारही सीटबेल्ट संपूर्ण बाहेर ओढून पाहावेत. विक्रेते गाडी धुतात, पण गुंडाळलेल्या पट्ट्याच्या आतल्या टोकाला वाळलेल्या गाळाची रेघ राहून जाते. डिकीतले जादा चाक काढून खालच्या खळग्यात बोट फिरवावे, सीट ज्या रुळांवर सरकते त्यांच्या बोल्टांवर गंज आहे का पाहावे, आणि हेडलाइटच्या काचेआड वाफेचे डाग दिसतात का पाहावे. काचा बंद करून वातानुकूलनाविना दहा मिनिटे आत बसले की कुबट वास असेल तो येतोच, आणि तो असेल तेथे गाडीत सुवासिक डब्याही नेमक्या दोन-तीन टांगलेल्या आढळतात. इतके पाहूनही मन राजी झाले, तर नोंदणीच्या क्रमांकावरून विम्याच्या जुन्या दाव्याची माहिती मागावी आणि विक्रेत्याकडून गाडी पुरात बुडालेली नाही असे लिहून घ्यावे. जो लिहून देण्यास टाळाटाळ करतो त्याच्याशी हुज्जत घालत बसण्याचे कारण नाही. पुढल्या दुकानात दुसऱ्या गाड्या उभ्याच असतात.